घोडी स्पष्ट, बैल धूसर : वेगवान खेळ टिपताना ऑटोफोकसच्या या चुका टाळा

बालेवाडीच्या क्रीडासंकुलात स्पर्धा असली की मैदानाच्या कडेला लांब लेन्स घेऊन बसलेल्या नवशिक्यांकडून एक वाक्य हमखास कानी पडते : "माझ्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस स्लो आहे." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता उत्तर न देता कॅमेरा हातात मागून घेतो आणि मेनू उघडतो. बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा काही दोष नसतो. नेमके कशावर लक्ष ठेवायचे आणि कधीपासून, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलेलेच नसते.

सर्वांत प्राथमिक चूक म्हणजे सिंगल मोड, ज्यात फोकस एकदा लागला की तिथेच थांबतो. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले. म्हणजे सेकंदाला १० फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यासमोर तो दोन फोटोंच्या मध्ये सरासरी एक मीटरहून अधिक पुढे सरकत होता. आपल्या महाविद्यालयीन धावपटूचे हे अंतर ८० सेंटिमीटर धरले, तरी थांबलेला फोकस निरुपयोगीच ठरतो. विषय हलेल तसा फोकस सतत बदलत ठेवणारा मोड निवडावा : निकॉन आणि सोनीवर एएफ-सी, कॅननवर सर्व्हो. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

माझा खरा राग आहे तो 'ऑटो एरिया'वर, म्हणजे फोकसचा बिंदू कुठे ठेवायचा हे सर्वस्वी कॅमेऱ्यावर सोपवण्यावर. हा राग मी स्वतः पैसे मोजून विकत घेतला आहे. २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिल्यानंतर मावळातल्या एका यात्रेत एका गाडामालकांनी मला फ्लेक्ससाठी फोटो काढायला बोलावले होते. पुणे जिल्ह्यातल्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढे घोडी पळते, हे ज्यांनी शर्यत पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल. मी घाटाच्या वरच्या टोकाला बॅरिकेडमागे उभा होतो, कॅमेरा नवा होता आणि जाहिरातीत वाचलेल्या चेहरा ओळखण्याच्या करामतीवर माझा पूर्ण विश्वास होता. गाडा सुटला, मी बटण दाबून धरले आणि अकरा फोटो निघाले. अकराच्या अकरा फोटोंत घोडीच्या आयाळीचा केस न् केस मोजता येत होता, स्वाराच्या मिशीवरची धूळ दिसत होती आणि त्यामागे चार बैलांच्या जागी चार पांढुरके ढग होते. मालकांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "फोटू झ्याक हाय, पण घोडी आमची न्हाय." त्या दिवसाचे मानधन मी घेतले नाही.

कॅमेऱ्याचे त्यात काही चुकले नव्हते. सर्वांत जवळचा, चेहरा असलेला आणि ठळक विषय त्याने पकडला. कबड्डीत हेच होते : चढाई करणारा खेळाडू आपल्याला हवा असतो आणि मधे पंचांची पाठ किंवा बचाव करणाऱ्याचा खांदा येतो. म्हणून मी मधला बिंदू आणि त्याच्या आजूबाजूचे काही बिंदू एवढाच छोटा गट वापरतो. एकच बिंदू अधिक अचूक असतो असे सांगणारे बरोबर असतात, परंतु धावत्या बैलावर तो स्थिर ठेवून दाखवणारे मी कमी पाहिले आहेत. दुसरे असे की फेज डिटेक्शनला, म्हणजे कॅमेऱ्याच्या फोकस मोजण्याच्या पद्धतीला, कडा लागतात, उजेड-अंधाराचा फरक लागतो; बिंदू सपाट काळ्या जर्सीवर किंवा बैलाच्या पांढऱ्याशुभ्र कुशीवर पडला की यंत्रणा चाचपडू लागते. बिंदू जर्सीच्या क्रमांकावर ठेवावा आणि बैलाच्या बाबतीत वेसणीच्या आसपास.

उशिरा बटण दाबणे ही याच चुकीची धाकटी बहीण. कॅमेरा विषयाच्या अंतराची लागोपाठ मोजमापे घेऊन पुढच्या क्षणी तो कुठे असेल याचा अंदाज बांधतो, आणि त्याला अशी मोजमापे घ्यायला वेळच दिला नाही तर अंदाज कशाच्या जोरावर बांधणार? गाडा सुटल्यापासून मी एएफ-ऑनच्या, म्हणजे फक्त फोकस लावणाऱ्या मागच्या बटणावर अंगठा ठेवून बैलांचा माग धरतो आणि शटर मात्र शेवटच्या टप्प्यातच दाबतो. अर्धे शटर दाबून धरले तरी चालते. अंगठ्याची ही माझी सवय आहे, शास्त्र नव्हे.

माग धरण्याची संवेदनशीलता, म्हणजे अडथळा मधे आल्यावर फोकस किती लवकर त्याच्याकडे वळावा, हा मेनूतला विभाग यूट्यूब पाहून बदलणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की निकॉनवर मधे आलेल्या अडथळ्याला १ हा आकडा झटपट प्रतिसाद देतो आणि ५ उशिरा, तर सोनीवर याच्या नेमके उलट आहे. एका मित्राने कंपनी बदलली आणि आकडा तोच ठेवला. तीन सामन्यांत त्याने पंचांचा सुरेख संग्रह जमवला.

दुसरी मोठी चूक निदानाची आहे. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने बंदिस्त सभागृहातल्या कबड्डीचे फोटो दाखवले आणि नवी लेन्स कोणती घेऊ असे विचारले. शटर होते १/२५० सेकंद. या वेळात सेकंदाला १० मीटर वेगाने फिरणारा हात ४ सेंटिमीटर सरकतो. त्याला जगातला कोणताही ऑटोफोकस आवरू शकत नाही. फोटो मोठा करून पाहावा : खेळाडूचे धड स्पष्ट आणि हातपाय फरफटलेले असतील तर दोष शटरचा, खेळाडू अख्खा मऊ (धूसर) पण मागचा प्रेक्षक किंवा पुढची मॅट कुठेतरी स्पष्ट असेल तर दोष फोकसचा, आणि सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे असेल तर आपला हात हलला आहे. १/१००० ठेवून आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत न्यावा, फोटो दाणेदार झाला तर होऊ द्यावा. लेन्सचे पैसे वाचल्याचा त्या मुलाला आनंद झाला नाही, कारण त्याला लेन्सच हवी होती.

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटर लेन्स एफ/२.८ वर (म्हणजे छिद्र बरेच उघडे) आणि खेळाडू १० मीटरवर असेल तर स्पष्ट दिसणारी खोली सुमारे ४० सेंटिमीटर असते. ही खोली वाढवण्यासाठी, उजेड असेल तेव्हा, छिद्र थोडे लहान करून एफ/४ वापरण्यात कमीपणा नाही.

लेन्सवर अंतराची मर्यादा ठरवणारा स्विच असेल तर मैदानावर तो दूरच्या बाजूला ठेवावा, म्हणजे चुकलेला फोकस थेट नाकासमोरच्या अंतरापर्यंत भटकून येत नाही. लेन्सचे धातूचे संपर्कबिंदू कोरड्या स्वच्छ कापडाने पुसावेत, विशेषतः घाटातल्या धुळीनंतर.

एवढे करूनही शंका उरली, तर भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून ट्रायपॉडवरून, पुरेशा उजेडात दहा फोटो काढावेत आणि दर वेळी आधी फोकस बिघडवून मग पुन्हा लावावा. स्थिर अक्षरेही मऊच येत असतील, तर डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) आरशाखालच्या फोकस मोजणाऱ्या मोड्यूलचा आणि लेन्सचा मेळ बिघडलेला असू शकतो. मेनूतल्या सूक्ष्म सुधारणेने तो जुळवता येतो, नाहीतर कॅमेरा दुरुस्तीला न्यावा. अक्षरे स्वच्छ येत असतील तर मात्र दुकानाची पायरी चढू नये. मी एकदा चढलो होतो. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी काउंटरवरच मेनू उघडून एएफ-एसचे, म्हणजे सिंगल मोडचे, एएफ-सी केले, कॅमेरा परत दिला आणि पैसे घेतले नाहीत.