‘प्रश्न उद्भवत नाही’ : आमदारांच्या कार्यालयात नव्याने येणाऱ्यांसाठी

अधिवेशन सुरू झालं की टीव्हीवर विधानभवनाच्या पायऱ्या दिसतात, हातातले फलक दिसतात, तहकूब झालेलं सभागृह दिसतं. आमदारांच्या कार्यालयात काम करायला येणारी बहुतेक मुलंमुली हेच डोक्यात घेऊन येतात. साहेबांचं गाजणारं भाषण आपण लिहून देऊ, अशी त्यांची समजूत असते. ती पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा. मोठं भाषण वर्षाकाठी मोजक्या वेळा होतं. बाकी सगळं अधिवेशन तारांकित प्रश्न (ज्यांचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना), औचित्याचे मुद्दे, पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या) आणि या प्रत्येकाच्या मुदतीवर चालतं. मुदत हुकली की विषय कितीही महत्त्वाचा असला तरी तो पुढच्या अधिवेशनावर जातो.

मी दुष्काळी पट्ट्यातल्या एका महिला आमदारांच्या कार्यालयात विधिमंडळाचं काम पाहते. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८, विधेयकाची वाचनं, राज्यपालांचं अभिभाषण, हे सगळं तुम्ही परीक्षेसाठी वाचलेलं आहे असं धरून चालते. पुस्तकात जे नसतं तेवढंच इथे लिहिते.

दिवसाची सुरुवात आदल्या रात्रीच होते, कार्यक्रमपत्रिका हाती येते तेव्हा. पहिला तास प्रश्नोत्तरांचा. मग कागदपत्रं पटलावर ठेवली जातात. महामंडळांचे वार्षिक अहवाल, अधिसूचना वगैरे. हे काम दोन-चार मिनिटांत उरकतं, आणि तेव्हा सभागृहात कुणाचंच लक्ष नसतं. तुमचं असू द्या. पुढच्या अधिवेशनाचे निम्मे प्रश्न त्या अहवालांत पडलेले असतात. ‘कॅग’चा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल तर बहुधा शेवटच्या दिवशी येतो, सगळ्यांचं आवराआवरीकडे ध्यान असतं तेव्हा. त्यानंतर लक्षवेधी, विधेयकं, पुरवणी मागण्या किंवा विधानसभेच्या नियम २९३ खालची चर्चा, आणि दिवसाच्या शेवटी, कधी कधी रात्री, अर्धा तास चर्चा. लक्षवेधी फार साठल्या तर सकाळी विशेष बैठक लागते. हिवाळी अधिवेशनात हाच सगळा संसार नागपूरला हलतो. १९५३ च्या नागपूर कराराचं ते देणं आहे, आणि विदर्भाचा एखादा विषय तुमच्याकडे असेल तर तिथे तो जास्त नीट ऐकला जातो, असं माझं मत आहे.

नियमांचे आकडे पाठ करताना एक सांभाळा. विधानसभेत ‘९७’ म्हणजे स्थगन प्रस्ताव. परिषदेत ‘९७’ म्हणजे अल्पकालीन चर्चा, तिथे काम थांबवून विषय घ्यायचा तर २८९ लागतो. लक्षवेधी विधानसभेत १०५ खाली, परिषदेत १०१ खाली. नियमांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू नका, झोप येईल आणि डोक्यात काही राहणार नाही. त्या दिवशीची कार्यक्रमपत्रिका समोर ठेवा आणि तिच्यात जो नियम आला आहे तेवढाच वाचा. एका अधिवेशनात कामाचे सगळे नियम येऊन जातात.

आता मुख्य गोष्ट. तारांकित प्रश्नाचा मसुदा. यावर मी जरा जास्तच बोलते असं आमच्या कार्यालयातले म्हणतात, पण मी बोलणारच, कारण मी स्वतः यात अडकले होते आणि त्यापायी काही गावांचं एक अख्खं अधिवेशन वाया गेलं.

महाराष्ट्रातल्या प्रश्नाचा साचा तुम्हाला ठाऊक आहे. पहिला भाग ‘हे खरे आहे काय’ असा. दुसऱ्यापासून पुढचे ‘असल्यास’ने सुरू. आता माझा तेव्हाचाच हा नमुना बघा :

“(१) अमुक प्रादेशिक नळ पाणीपुरवठा योजना कंत्राटदाराच्या निष्काळजीपणामुळे व अधिकाऱ्यांच्या संगनमताने मागील तीन वर्षांपासून पूर्णपणे बंद असल्याने ग्रामस्थांना टँकरवर अवलंबून राहावे लागत आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार दोषींवर कोणती कारवाई करण्यात आली वा येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

वाचायला जोरदार वाटतो. गावात वाचून दाखवला तर टाळ्या पडतील. उत्तर येतं :

“(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.”

संपलं. आणि राग येतो तो यामुळे, की उत्तर लिहिणाऱ्याने नियमाने पाहिलं तर काही खोटं लिहिलेलं नसतं. पहिल्या भागात आपण पाच विधानं एकाच वाक्यात बांधली आहेत : निष्काळजीपणा, संगनमत, तीन वर्षं, पूर्णपणे बंद, टँकर. यातलं एक जरी ढिलं निघालं तरी विभागाला संपूर्ण वाक्य नाकारता येतं. योजनेचा एक पंप चालू होता आणि आठ-दहा दिवसांनी का होईना नळाला पाणी येत होतं. म्हणजे ‘पूर्णपणे बंद’ खरं नाही. म्हणजे वाक्य खरं नाही. आणि पुढचे सगळे भाग ‘असल्यास’च्या खुंटीला टांगलेले, त्यामुळे खुंटी निखळली की सगळं खाली. विभागातला कक्ष अधिकारी प्रश्न हातात आल्यावर पहिल्यांदा सगळ्यात कच्चा शब्द शोधतो. ते त्याचं काम आहे, त्याच्यावर चिडून उपयोग नाही. आपण त्याला तो शब्द द्यायचा नाही.

‘संगनमत’सारख्या शब्दांचा आणखी एक तोटा. प्रश्नात आरोप, अनुमान किंवा विशेषणं चालत नाहीत. न्यायप्रविष्ट बाब चालत नाही. म्हणजे असा प्रश्न मुळात स्वीकारला जाईल की नाही इथूनच शंका.

तोच विषय असा लिहा :

“(१) अमुक योजनेस दिनांक अमुक रोजीच्या शासन निर्णयान्वये प्रशासकीय मान्यता देण्यात आली आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, काम पूर्ण करण्याची विहित मुदत कोणती होती व आजमितीस कामाची भौतिक व आर्थिक प्रगती काय आहे, (३) योजनेत समाविष्ट गावांपैकी किती गावांना नळाद्वारे दररोज व किती गावांना टँकरने पाणी दिले जाते, (४) काम विहित मुदतीत पूर्ण झाले नसल्यास, त्याची कारणे काय व कंत्राटदाराकडून किती दंड वसूल करण्यात आला?”

पहिल्या भागाला ‘होय’शिवाय दुसरं उत्तर नाही, कारण तो शासनाचाच कागद आहे. तिसरा भाग ‘असल्यास’वर टांगलेला नाही, तो स्वतःच्या पायावर उभा आहे. संगनमत, निष्काळजीपणा असले शब्द कुठेही नाहीत, पण मुदत, खर्च, गावांची संख्या आणि दंड हे चार आकडे शेजारी छापून आले की जे म्हणायचं ते म्हणून होतं. आकडा चुकीचा दिला तर तो सभागृहाची दिशाभूल करण्याचा विषय होतो, हक्कभंगापर्यंत जाऊ शकतो, आणि हे विभागालाही माहीत असतं. म्हणून आकडा विचारा. विशेषण कधीही विचारू नका.

आणखी एक उत्तर येतं : ‘हे अंशतः खरे आहे.’ याने खचू नका. हे चांगलं उत्तर आहे. कोणता अंश खरा, हाच तुमचा पहिला उपप्रश्न.

उपप्रश्नांचंही सांगते. छापील प्रश्न म्हणजे नुसता दरवाजा, खरी विचारणा उपप्रश्नात होते. लेखी उत्तर हातात आल्यापासून प्रश्न पुकारला जाईपर्यंत वेळ फार थोडा मिळतो, आणि तेवढ्या वेळात उत्तरातली फट शोधून ती ताईंच्या, म्हणजे आमच्या आमदारांच्या, हातात द्यायची असते. आमच्याकडे त्यासाठी पोस्टकार्डाएवढा जाड कागद ठरलेला आहे. त्यावर तीन ओळी, प्रत्येक ओळीत एक आकडा आणि एक प्रश्न, अक्षर ठळक. ताई उभं राहून चष्म्याशिवाय वाचतात. चौथी ओळ लिहायचा मोह आवरा. अध्यक्ष तेवढे उपप्रश्न देत नाहीत, आणि लांब लिहिलेलं वाचताना सदस्याचा सूर भाषणाचा होतो, मग मंत्रीही भाषणच करतात.

गॅलरीत बसलात तर अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे लक्ष ठेवा. मंत्री उत्तर देत असताना तिकडून चिठ्ठी निघाली, की समजा त्या मुद्द्याची माहिती विभागाच्या तयारीत नव्हती. पुढचा उपप्रश्न तिथेच जायला हवा. हे मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून कळलं.

सगळ्या तारांकित प्रश्नांची पाळी येत नाही. तास संपला की उरलेल्यांची उत्तरं लेखीच राहतात. आपला प्रश्न यादीत खाली असेल तर वाईट वाटतं, मला अजूनही वाटतं, पोटात खड्डा पडतो. पण लेखी उत्तर हेही शासनाचं उत्तर आहे. मसुदा घट्ट असेल तर तो कागद वर्षभर कामाला येतो : जिल्हा नियोजनाच्या बैठकीत, अर्धा तास चर्चेच्या सूचनेत, पुढच्या लक्षवेधीत.

शिकायचं कुणाकडून? माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगते. जुने स्वीय सहायक तुम्हाला विधानभवनातलं प्रत्येक दार दाखवतील, कोणता कागद कोणत्या मजल्यावर जातो ते सांगतील, आणि ते ज्ञान मोलाचं आहे. मसुदा मात्र त्यांच्याकडून शिकू नका. ‘मागच्या वेळचाच प्रश्न उचल, गावाचं नाव बदल’ हा सल्ला हमखास मिळतो. विधिमंडळ सचिवालयात प्रश्न तपासणाऱ्या प्रश्न शाखेतल्या कर्मचाऱ्यांकडे जा. तुमचा प्रश्न का अस्वीकृत झाला हे गर्दी नसताना, अदबीने विचारा. ते सांगतात. त्या दहा मिनिटांत जे कळतं ते महिनाभराच्या कार्यशाळेत कळत नाही. राज्यशास्त्राचे विद्यार्थी असाल तर नागपूरला हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेचा संसदीय अभ्यासवर्ग भरतो, तो चुकवू नका. आणि ग्रंथालयात जुन्या कार्यवाहीचे खंड काढून बसा. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती असतानाच्या काळातल्या रोजगार हमीवरच्या चर्चा वाचा, तो कायदा १९७७ साली झाला. सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आलेल्या गणपतराव देशमुखांनी पाणी आणि दुष्काळावर काय विचारलं ते वाचा. इतकी वर्षं बहुतेक विरोधी बाकांवर बसून माणूस काय काय मिळवू शकतो, ते त्यात कळतं.

आडवाटांबद्दल स्पष्टच बोलते. वर्तमानपत्राचं कात्रण म्हणजे प्रश्न नव्हे. बातमीतलं एक नाव चुकलेलं असतं आणि त्यावर ‘हे खरे नाही’ तयार असतं. व्हॉट्सॲपवर फिरणारे तयार मसुदे वापरू नका, चार आमदारांचा एकच प्रश्न स्वल्पविरामासह सारखा निघाला की विभागाला लगेच कळतं. आणि कुणी टाइप केलेला प्रश्न पाकिटात घालून आणून दिला, ‘फक्त ताईंची सही हवी’ म्हणाला, तर पाणी विचारा आणि पाठवून द्या. तो बहुधा एखाद्या कंत्राटदाराच्या प्रतिस्पर्ध्याचा असतो. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून संसदेतून ११ खासदार घालवले गेले, दहा लोकसभेचे आणि एक राज्यसभेचे. कार्यालयातल्या एका माणसाच्या ढिलाईने सदस्याचं आयुष्यभराचं काम मातीत जाऊ शकतं. यात सवलत नाही, ओळखीच्या माणसालाही नाही.

हे वाचून घाबरू नका. तुमचं इंग्रजी कच्चं आहे, तुम्ही तालुक्याच्या कॉलेजातून आलात, याने इथे काही अडत नाही. कामकाज मराठीत चालतं. सातबारा कसा वाचायचा, रोहयोचं मस्टर कुठे भरतात, टँकरच्या खेपांची नोंद कुणाकडे असते, हे ज्याला घरून माहीत आहे त्याचे प्रश्न शहरातल्या हुशार मुलांपेक्षा धारदार निघतात. हे मी पाहिलेलं आहे. ‘आजमितीस’, ‘अन्वये’, ‘विहित’ ही भाषा दोन अधिवेशनांत अंगवळणी पडते.

शेवटी, ज्याच्याकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात ते काम. मंत्री सभागृहात म्हणतात, ‘एका महिन्यात बैठक घेऊन निर्णय करू.’ ताई खाली बसतात, पुढचा प्रश्न पुकारला जातो. तुम्ही त्याच क्षणी वेळ लिहून ठेवा. प्रतिवेदक पाळीपाळीने शब्दन्‌शब्द टिपत असतात. त्या भागाची प्रत मिळाली की वाक्य ताडून बघा, कारण ऐकलेलं आणि नोंदलं गेलेलं यात फरक पडतो. मग एक वही ठेवा : तारीख, प्रश्न क्रमांक, मंत्र्यांचं वाक्य जसंच्या तसं, दिलेली मुदत. मुदत उलटली की विभागाला ताईंच्या सहीचं पत्र, त्यात तेच वाक्य अवतरणात. उत्तर नाही आलं तर मंत्र्यांची सभागृहातली आश्वासनं पाळली जातात का ते पाहणाऱ्या आश्वासन समितीकडे. आमच्या त्या पाणीयोजनेची बैठक अशाच तिसऱ्या पत्रानंतर लागली. पत्र आवक शाखेत स्वतः नेऊन द्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.