गालापागोस: प्राणी हलत नाहीत, तेव्हा आपण सरकायचं

इक्वेडोरच्या गालापागोस बेटांवर प्राणी माणसाला बुजत नाहीत, पायवाटेवरच पसरलेले असतात. राष्ट्रीय उद्यानाचा नियम 2 मीटर अंतराचा. सी लायनचं (सीलसारख्या समुद्री प्राण्याचं) पिल्लू स्वतःहून हुंगायला आलं, तर मागे सरायचं आपणच. हात तर अजिबात लावू नका, कारण आई पिल्लाला वासावरूनही ओळखते.

निळ्या पायांच्या बूबी या समुद्रपक्ष्याचं घरटं म्हणजे जमिनीवर विष्ठेचं पांढरं कडं, बस्स. पिल्लू कड्याबाहेर गेलं की आईबाप बहुधा त्याला आपलं मानत नाहीत. म्हणून कडं वाटेला लागून असेल तर वाटेच्या पलीकडच्या कडेने जा, पण वाट सोडू नका.

काळ्या लाव्ह्यावर काळे समुद्री इग्वाना (मोठे सरडे) चटकन दिसत नाहीत. आधी खाली बघा, मगच पाऊल टाका. ते नाकातून खारट पाण्याचे फवारे उडवतात, लेन्स जपा.

फ्लॅशला बंदी आहे, तो बोटीवरच बंद करून निघा. भलीमोठी लेन्स इथे ओझंच, 70-300 मिमीची पुरते. उकिडवे बसून प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो घ्या. ‘वेट लँडिंग’ असेल तर रबरी बोटीतून थेट पाण्यात उतरावं लागतं: कॅमेरा जलरोधक पिशवीत, पायात पट्ट्यांच्या सँडल.