समुद्रात गळ टाकायला निघालात? बोटीच्या वेगाबाबत या चुका टाळा

ऑक्टोबर उजाडला की कोल्हापुरातून शनिवारी मध्यरात्री रॉड, रील आणि आइसबॉक्स भरून गाड्या निघतात. कोणी आंबा घाटाने रत्नागिरीला जातं, कोणी गगनबावडा किंवा फोंडा घाटाने देवगड-मालवणला. रंकाळ्यावर कटला-रोहू पकडून हात बसलेला असतो, आता सुरमई नाहीतर तांबोसा हवा असतो. उत्साह दांडगा, पण तलावाची सवय घेऊन समुद्रात उतरलं की पहिली गडबड वेगात होते. भाड्याच्या फायबर बोटीत बसल्या बसल्या कोणीतरी म्हणतंच, "मामा, जरा ओढा की!" त्यावर एका तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) दिलेलं उत्तर आमच्या ग्रुपमध्ये अजून चालतं: "पळवतंय, पण कंबर तुझी आसा."

वेग रस्त्याच्या हिशोबाने मोजणे

समुद्रात वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर. १५ नॉट म्हटलं की ताशी २८ किलोमीटर, आणि हायवेवर शंभरने आलेल्या माणसाला ते रांगल्यासारखं वाटतं. मग घाई सुरू होते.

या घाईने नेमकं किती वाचतं तेही बघा. मासेमारीची जागा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांवर आहे असं धरू. २० नॉटने ३६ मिनिटं लागतात आणि १२ नॉटने एक तास. फरक २४ मिनिटांचा. त्या २४ मिनिटांसाठी अर्धी मंडळी कंबर धरून बसणार, एखाद्याला ओकाऱ्या होणार आणि पहिला तासभर कोणाच्या हातात धड रॉड राहणार नाही. रात्रभर घाट उतरून येणाऱ्याला हा सौदा तोट्याचाच आहे.

आरामाचा वेग आधीच ठरवून निघणे

"ही बोट १८ वर मस्त चालते" हे वाक्य सपाट पाण्यावर खरं असतं. लाट आली की तो आकडा बदलतो, आणि एकाच दिवसात दोन-तीनदा बदलतो.

माझी पद्धत साधी आहे. किनारा सुटला की कमी वेगाने सुरुवात करायची आणि दोन-दोन नॉट वाढवत न्यायचं. बोटीचा तळ पाणी सोडून पुन्हा आपटायला लागला की दोन-तीन नॉट खाली यायचं. बसलेल्या माणसाला एका हाताने धरून पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरावी लागत असेल किंवा बोलणं मध्येच तुटत असेल, तर वेग जास्त आहे. आणि मोजमाप बोटीतल्या सगळ्यात नाजूक पाठीच्या माणसाचं धरायचं, तरण्याबांड पोराचं नाही.

आपटण्याचा जोर ढोबळमानाने वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे २० नॉटवरून १४ वर आलात तर तो जवळपास निम्मा होतो.

फक्त लाटेची उंची बघणे

मोबाइलवर "लाट एक मीटर" दिसलं की लोक खूश होतात. पण दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात तो आकडा उंचीइतकाच महत्त्वाचा आहे. खोल पाण्यात १० सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे दीडशे मीटर असते. एवढ्या लांब उतारावर बोट सावकाश चढते-उतरते, एक मीटर उंची जाणवतही नाही. तीच एक मीटरची लाट चार सेकंदांची असेल तर लांबी जेमतेम २५ मीटर, म्हणजे बोट एका लाटेतून सावरते न सावरते तोच दुसरी तोंडावर. अशा पाण्यात २० नॉटचा विचारही करू नका.

आणखी एक गोष्ट. अंदाजातली उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. एखादी सुटी लाट त्याच्या जवळपास दुप्पटही येऊ शकते. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेच्या अंदाजात लाटेची उंची आणि कालावधी दोन्ही मिळतात. निघण्याच्या आदल्या रात्री दोन्ही बघा, आणि हवामान खात्याचा मच्छिमारांसाठीचा इशाराही.

ना धड हळू, ना धड जोरात

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. पाणी कापत चालणाऱ्या बोटीची एक नैसर्गिक मर्यादा असते: पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ गुणिले १.३४. वीस फूट लांबी टेकत असेल तर साधारण सहा नॉट. त्याच्या वर बोट स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते. पुरेशी ताकद असेल तर ती पाण्यावर उचलली जाते आणि घसरत धावायला लागते. लहान फायबर बोटींत हे बहुतेक १२ ते १५ नॉटच्या आसपास होतं.

मधला पट्टा मात्र वाईट. नाळ (बोटीचं पुढचं टोक) आभाळाकडे जाते, चालवणाऱ्याला पुढचं दिसत नाही, मागे मोठी लाट उठते आणि पेट्रोल नुसतं जळत राहतं. समुद्र बरा नाही म्हणून लोक आठ-नऊ नॉटवर येतात आणि तिथेच अडकून राहतात. त्यापेक्षा सरळ सहावर या, नाहीतर पाणी परवानगी देत असेल तर बोट नीट उचलली जाईल एवढा वेग ठेवा. आइसबॉक्स आणि माणसं मागे गोळा झाली असतील तर ती थोडी पुढे घेतल्यावर बोट कमी वेगातही उचलली जाते.

पण सगळं सामान नाळेवर नेऊन ठेवू नका. तिथे माणूस बसवणं तर त्याहून वाईट. पुढे बसून छान वारा लागतो, फोटो भारी येतात, नाद खुळा. मात्र आपटण्याचा सगळ्यात मोठा मार तिथेच बसतो, आणि अशा धक्क्याने कमरेचा मणका दबून मोडल्याची उदाहरणं जगभर आहेत. वयस्कर माणसं मध्याच्या मागे बसवा. उभं राहायचं तर गुडघे सैल ठेवून.

लाटेवर नाक आपटत सरळ जाणे

समोरून लाट येत असेल तर तीस-एक अंश तिरपं जा, नंतर दुसऱ्या बाजूला तिरपं. अंतर सुमारे १५ टक्के वाढतं, पण दोन-चार नॉट जास्त वेग आरामात ठेवता येतो, म्हणजे वेळ जवळपास भरून निघतो.

परतीचा वेग जातानाच्या वेगावरून ठरवणे

पहाटे मतलई वारा जमिनीकडून असतो, पाणी शांत. दुपारनंतर खारा वारा उठतो, कोकणपट्टीवर बहुतेक वायव्येकडून, आणि पांढरे फेस दिसायला लागतात. परत पूर्वेकडे येताना हीच लाट डाव्या मागच्या बाजूने येते. आपटणं कमी होतं म्हणून चालवणारा खुशीत वेग वाढवतो, बोट लाटेच्या माथ्यावरून खाली घसरते, नाळ पुढच्या लाटेत घुसते आणि मागचा भाग आडवा फिरतो. उलटण्याचा धोका इथे आहे, समोरच्या लाटेत तेवढा नाही. लाटेच्या पाठीवर राहता येईल एवढाच वेग ठेवा, तिला ओलांडायला जाऊ नका.

खाडीच्या तोंडाशी आणखी जपा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तशा जागी वाळूचे दांडे असतात. ओहोटीचं पाणी बाहेर येत असताना समोरून लाट आली की ती तिथे भिंतीसारखी उभी राहते. परतीची वेळ भरतीच्या पाण्यावर पडेल असा बेत सकाळीच करा. तो चुकला तर बाहेर थांबून वाट बघा.

वाटेत हे जाणवलं तर

सपाट पाण्यावरही नाळ लयीत वर-खाली उडते: इंजिनचा ट्रिम (त्याचा तिरपा कल) जास्त बाहेर आहे, थोडा आत घ्या. समोरच्या लाटेत फार आपटते: ट्रिम आत, नाळ खाली, वेग कमी. मागून लाट असताना बोट इकडे-तिकडे पळते: उलट करा, ट्रिम जरा बाहेर काढून नाळ हलकी ठेवा. इंजिन मध्येच किंचाळतं पण बोट पुढे जात नाही: पाण्यातल्या पंख्याला हवा लागतेय, वेग उतरवा. बोट एका बाजूला कलते: आधी माणसं आणि बर्फाचा बॉक्स हलवून बघा, इंजिनला शिव्या नंतर.

बोट भाड्याची असेल तर यातलं काहीही स्वतः करू नका, तांडेलाला सांगा. त्याला सहसा आधीच कळलेलं असतं. तुम्ही घाई करताय म्हणून तो गप्प असतो.

मळमळ होते म्हणून जोरात पळवणे

वेगात मळमळ कमी वाटते हे अर्धवट खरं आहे. खरा त्रास थांबल्यावर, बोट आडवी डुलायला लागल्यावर आणि धूर नाकात गेल्यावर होतो. गोळी घ्यायची तर बोटीत बसण्याआधी अर्धा-एक तास. आणि पहाटे तर्रीदार मिसळ हाणून समुद्रात उतरू नये, हे कोल्हापूरकराला सांगूनही उपयोग नाही, तरी सांगतो.

ट्रोलिंगलाही तोच वेग

जागेवर पोचल्यावर सुरमईसाठी ट्रोलिंग करताना, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढताना, कृत्रिम आमिष साधारण पाच ते नऊ नॉटला चालतं, खऱ्या माशाचं आमिष त्याहून बरंच हळू. आमिष पाण्याबाहेर उड्या मारत असेल किंवा गोल फिरत असेल तर वेग कमी करा.

पेट्रोलचा हिशोब आरामाच्या वेगाने धरा: एक भाग जायला, एक यायला, एक राखीव. खवळलेल्या पाण्यात परतीचा भाग जास्त लागतो, म्हणून राखीव भागाला ट्रोलिंगच्या नादात हात लावू नका. लाइफ जॅकेट अंगात असू द्या, सीटखाली नको, आणि चालवणाऱ्याच्या हाताला किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी अडकवलेली आहे ना ते जेटी सोडण्याआधी एकदा बघून घ्या.