वऱ्हाडातला पहिला उन्हाळा : कोकण-मुंबईकडून येणाऱ्यांसाठी

एप्रिलमध्ये रत्नागिरीत पारा 33 च्या आसपास असतो, अकोल्यात 42 च्या. बदलून येणारा माणूस हे आकडे बघून एक तर धसका घेतो, नाही तर 'तिकडचं ऊन कोरडं, त्याचा त्रास होत नाही' हे कुणाचं तरी बोलणं धरून निर्धास्त येतो. मी गुहागर तालुक्यातली. मूर्तिजापूरकडच्या एका गावात शाळेवर आले आणि इथलीच झाले. दर वर्षी कुणी ना कुणी नवीन शिक्षक, तलाठी, नाही तर बँकेतली मुलगी घर शोधत येते आणि तेच प्रश्न विचारते. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

आधी हवेतल्या पाण्याचं बघू, कारण इथला सगळा उन्हाळा त्यावर चालतो. मोबाइलवर दिसते ती सापेक्ष आर्द्रता. म्हणजे त्या तापमानाच्या हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते, तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे ते. हवा तापली की तिच्यात जास्त वाफ मावते, त्यामुळे सकाळी 25 अंशांना 40 टक्के दिसणारी हवा दुपारी 42 ला 15 टक्क्यांवर येते. पाणी कुठं गेलेलं नसतं, टक्केवारी उतरते. म्हणून सकाळी मोबाइल बघून 'आज बरी आर्द्रता आहे' म्हणू नका, दुपारचा आकडा बघा. आणि घरच्याशी तुलना करायची तर 33 अंश आणि 70 टक्के असलेल्या कोकणातल्या हवेत इथल्या दुपारच्या हवेच्या जवळजवळ तिप्पट वाफ असते.

थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला तर इथं 42 च्या दुपारीही तो 22 च्या आसपास उतरतो, आणि कोकणात 33 च्या दुपारी 28 च्या खाली जात नाही. पाणी उडून जेवढा गारवा मिळू शकतो, त्याची ही शेवटची पायरी. माठ, कूलर, अंगावरचा घाम, सगळे याच हिशोबानं चालतात. कोकणात माठातलं पाणी नुसतं कोमट नाही एवढंच. इथं रात्री भरलेला माठ सकाळी दात शिवशिवतील असं पाणी देतो.

पण घाम असा झटकन उडून जातो यातच नवख्याची फसगत होते. आपल्याकडे घाम निथळायला लागला, सदरा पाठीला चिकटला, की आपण आपसूक सावलीत जातो, पाणी पितो. इथं तो इशारा मिळतच नाही. अंग कोरडं लागतं, पाणी मात्र जात असतं. घामाचं मीठ कॉलरवर पांढऱ्या रेघेनं उमटलेलं दिसतं तेव्हा कळतं. तहान लागेपर्यंत थांबू नका. लघवी गडद पिवळी झाली तर तुम्ही मागे पडलात असं धरा. नुसत्या पाण्यावरही भागत नाही, मीठ पोटात जायला हवं. ताक, कैरीचं पन्हं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, आणि जेवताना तक्कू. कैरी-कांद्याचा हा प्रकार शेजारच्या काकूंकडून शिकून घ्या, त्या हौसेनं शिकवतील. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा. शरीर या हवेला सरावायला एक-दोन आठवडे घेतं. तेवढ्यात दुपारची धावपळ अंगावर घेऊ नका.

ओठ फुटतील, टाचा उलतील, एखाद्या सकाळी नाकाचा घोळणा फुटेल. घोळणा फुटला तर डोकं मागे टाकू नका, पुढे झुकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा. खोबरेल कोकणातून आणलंच असेल, ते इथं केसांपेक्षा नाकाला आणि टाचांना जास्त लागतं. याच कोरड्या हवेचे लाडही आहेत. कुरडया सकाळी घातल्या की संध्याकाळी खडखडीत. आमच्याकडे फणसपोळीला किती दिवस ऊन दाखवावं लागतं ते आठवा.

कपड्यांत सगळं उलटं. कोकणात आपण अंगावरचं कमी करतो, इथं वाढवायचं. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा किंवा कुर्ता आणि डोकं-कान झाकून गुंडाळलेला दुपट्टा. हवा 42 ची आणि त्वचा 35 च्या आसपासची, म्हणजे वारा अंगाला गार करत नाही, तापवतो. म्हणूनच दुपारच्या एसटीत खिडकी लावून घेणारे लोक दिसतील. तुम्ही ती उघडायला जाल आणि मागून कुणी तरी आजी सांगेल, "लावून घे ना बाप्पा, झाव येते." झाव म्हणजे उन्हाची झळ. ऐका तिचं. घरातल्या पंख्याचंही तेच. खोली तापून हवा 40 च्या पुढे गेली की नुसता पंखा गरम हवा अंगावर मारतो. अंगावर ओला पंचा घेतला तर मात्र त्याच पंख्याखाली झोप लागते.

घर बघताना भाड्याच्या आधी छप्पर बघा. टिनाच्या पत्र्याखालची खोली दुपारी बसू देत नाही, आणि सिमेंटचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पिऊन रात्री ते खाली सोडतो. जुनं जाड मातीच्या भिंतींचं, कवेलूचं म्हणजे कौलारू घर मिळालं तर त्याच्या उंदीर-पाली सोसायला हरकत नाही. स्लॅबच असेल तर घरमालकाला विचारून वर पांढरा चुना मारून घ्या. पश्चिमेकडची खोली झोपायला घेऊ नका. आणि अंगण किंवा गच्ची हवीच: कोकणात दिवस-रात्रीत सात-आठ अंशांचा फरक पडतो, इथं पंधराच्या आसपास, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये उघड्यावर बाज टाकली तर पहाटे पांघरूण ओढावं लागतं. मेमध्ये ही चैन संपते.

आता कूलर. एसीची सवय असलेले लोक खिडक्या बंद करून कूलर खोलीत ठेवतात आणि तासाभरात त्यांची खोली कोकण होते. कूलर खिडकीत बसवायचा, बाहेरची कोरडी हवा ओढू द्यायची आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवायचं, म्हणजे ओली हवा निघून जाते. गवताच्या ताट्या दर वर्षी बदलाव्या लागतात. वाळ्याच्या महाग, पण वास सुखाचा. आमच्या पट्ट्यात आणखी एक भानगड आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला हा भाग खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत बोअरचं पाणी खारट लागतं. ते कूलरमध्ये घातलं की पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. ताट्या पांढऱ्या, कडक होतात आणि हवा जायची थांबते. टाकीतलं पाणी तळापासून काढून बदलत राहा. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी केली तर डेंग्यूचे डासही होत नाहीत. माठही खाऱ्या पाण्यानं बुजतो, पाझरणं थांबलं की नवा घ्या. पिण्यासाठी गावात नळाचं गोडं पाणी किती दिवसांआड येतं हे घर ठरवायच्या आधी शेजाऱ्यांना विचारा, घरमालकाला नको.

हे वाचून बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा : लोखंडी कूलरला करंट लागून माणसं मेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. ओल्या हातानं, अनवाणी कूलरला शिवू नका आणि पोरांना तर त्याच्याजवळ फिरकू देऊ नका.

दिवसाचं वेळापत्रक गाव तुम्हाला शिकवेलच. शेतातली माणसं उजाडायच्या आधी निघतात आणि ऊन चढलं की परततात. शाळा सकाळची. बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. एवढ्या शहाण्या गावात लग्नं मात्र भर दुपारची लागतात, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. आमंत्रण आलं तर जा, पंगतीला बसा, पण वरातीत नाचू नका.

'दमट हवेत राहिलोय, मग हे काय' असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की ओलं ऊनही मारतं. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघातानं 14 माणसं गेली, तेव्हा पारा 38 च्या आसपास होता. हवामान विभागही किनाऱ्यावर 37 पासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, मैदानी भागात 40 पासून. त्यात नेहमीपेक्षा निदान 4.5 अंश जास्त तापमान असावं लागतं. 45 झाले की मात्र नेहमीचं तापमान न बघताच लाट. इथं 41-42 हे एप्रिलचं रोजचंच, म्हणून इशारा आला नाही याचा अर्थ ऊन नाही असा घेऊ नका. कुणी बरळायला लागला, अंग भाजतंय, चालताना झोकांड्या जातायत, तर पाणी पाजत बसू नका. सावलीत नेऊन अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा.

सगळा विदर्भ एकसारखा तापत नाही हेही ध्यानात घ्या. बुलडाणा शहर घाटावर आहे, अकोल्यापेक्षा तिथं काही अंश कमीच असतं. चिखलदरा तर हजार मीटरच्या वर. यवतमाळही जरा उंचावर. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, नागपूर ही नावं देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत मेमध्ये हमखास असतात. भंडारा-गोंदियाकडे तळी आणि धान, गडचिरोलीत जंगल, तिकडच्या हवेत थोडा ओलावा जास्त. पण त्यामुळे कूलरही थोडा कमी चालतो. बदलीत पसंती द्यायची मुभा मिळाली तर हे आठवा.

मार्च-एप्रिलमध्ये अधूनमधून बंगालच्या उपसागराकडून ओलसर वारे येतात, दुपारनंतर ढग चढतात, वादळ, विजा, कधी गारा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इथले शेतकरी अजून बोलतात. अशा दिवशी पत्र्याच्या आडोशाला किंवा झाडाखाली थांबू नका. दुसऱ्या दिवशी हवा गार वाटते, चार दिवसांत पारा पुन्हा जागेवर येतो.

मेच्या शेवटी, 25 तारखेच्या सुमाराला नवतपा, म्हणजे सगळ्यांत कडक उन्हाचे मानलेले नऊ दिवस, लागतो. ते नऊ दिवस गावी काढता आले तर काढा. जूनच्या मध्याला पाऊस लागायच्या आसपास ओळखीचा घाम पुन्हा निथळायला लागतो आणि कूलर नुसता ओला वारा फेकतो. इथले लोक तेव्हा मेपेक्षा जास्त वैतागतात, तुम्हाला मात्र घरी आल्यासारखं वाटेल. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तेव्हा परतीचं तिकीट काढताना तारीख नीट बघून घ्या. येताना आमसुलं जास्तीची आणा. पहिल्याच आठवड्यात शेजारी मागायला येतील.