कडाक्याच्या थंडीची रात्र: दिवेलागणीच्या आधी करायची कामं

थंडीच्या लाटेची रात्र सांभाळायची तर कामाला दुपारीच लागावं लागतं. पहाटे चारला उठून वावरात शेकोटी पेटवली तर आपले हात शेकून होतात, तुरीला काही होत नाही. हे मला २९ डिसेंबर २०१८ ला कळलं. त्या पहाटे नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, १९३७ च्या जानेवारीतला ३.९ चा विक्रम मोडून. आमचं वावर काटोल तालुक्यात, नाल्याला लागून. सूर्य उगवला तेव्हा नाल्याकडच्या दीड एकर तुरीवर पांढरं मीठ भुरभुरल्यासारखं दिसत होतं. दहा वाजेपर्यंत पानं उकडलेल्या भाजीसारखी लोंबली आणि दुसऱ्या दिवशी काळी पडली. वरच्या अंगाची तूर मात्र हिरवीगार उभी होती. वाण तेच, पेरणीही एकाच दिवसाची. वरच्या तुरीला आम्ही आदल्या दिवशी ओलीत केलं होतं, म्हणजे पाणी दिलं होतं, आणि ती नाल्यापासून जरा उंचावर होती. फरक एवढाच.

अशी रात्र आधी ओळखता येते. माझ्या सासूबाई म्हणतात, "आभाय मोकळं झालं अन् वारा मेला, का तुरीवर नजर ठेवजो व माय." अगदी खरं आहे. ढग असले की ते गोधडीचं काम करतात, जमिनीची ऊब वर जाऊ देत नाहीत. वारा असला तर वरची कोमट आणि खालची गार हवा घुसळली जाते. दोन्ही नसले की जमीन रात्रभर ऊब सोडत राहते आणि पहाटे, सूर्य उगवायच्या जरा आधी, सगळ्यात गार होते. ध्रुवाकडची, सैबेरियाची हवा थेट आपल्याकडे येत नाही, हिमालय ती अडवतो. पण काश्मीर-हिमाचलात बर्फ पडून गेलं की त्यामागून उत्तरेचा कोरडा वारा मध्य प्रदेशातून आपल्यापर्यंत पोचतो. तो दोन-तीन दिवस वाहून थांबला की पहिली शांत रात्र सांभाळायची.

हवामान खात्याचा आकडा जरूर बघा, पण तो समजून घ्या. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असलं की थंडीची लाट म्हणतात. ४ अंशांवर आलं तर नेहमीचं तापमान न बघताच लाट धरतात. हा आकडा जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पांढऱ्या जाळीच्या पेटीतल्या तापमापकाचा असतो. शांत रात्री जमिनीलगत त्याहून काही अंश कमी असतं, आणि नाल्याकाठी आणखी कमी. म्हणून मी एक साधा तापमापक खोलगट भागात तुरीच्या शेंड्याइतक्या उंचीच्या काठीला बांधून ठेवला आहे. मोबाइल ६ दाखवतो तेव्हा तिथे २ दिसलेले मी स्वतः पाहिलेत. थंडीत वावरासाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ही घ्या.

आता ओलिताचं. ओली जमीन दिवसभर ऊन पिऊन ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. कोरडी, भेगाळलेली काळी जमीन तेवढी ऊब साठवू शकत नाही. त्यामुळे लाटेचा अंदाज कळला की आदल्या दिवशी सकाळीच हलकं पाणी द्यावं, म्हणजे त्यावर ऊन पडतं. तुरीत पाणी साचू द्यायचं नाही, सरी ओली झाली की पुरे. दिवसा लाइन (वीज) नसेल तर रात्री द्या, तेही चालतं, कारण विहिरीचं पाणी कोमट असतं. डिसेंबरच्या पहाटे पाटातून वाफ निघताना तुम्हीही पाहिली असेल. तुषार संच असेल तर तो पारा शून्याला टेकायच्या आधी सुरू करावा आणि सूर्य चांगला वर येईपर्यंत चालू ठेवावा. पहाटेच मध्ये बंद केला तर ओली पानं आणखी गार होतात, आणि न भिजवण्यापेक्षा जास्त नुकसान होतं. लाइनचा भरवसा नसेल तर तुषार सुरूच करू नका.

दुसरं काम खालच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, ज्याकडे कुणी बघत नाही. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारानं वाहते आणि जिथे अडते तिथे साचते. २०१८ ला आम्ही पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, सगळा ढीग नाल्याकडच्या धुऱ्यावर रचून ठेवला होता. भिंतच झाली ती, आणि गार हवा तिच्यामागे तुरीत साचत राहिली. आता पऱ्हाटी-तुराटी वरच्या, उत्तरेच्या अंगाला रचते आणि खालचा धुरा मोकळा ठेवते.

धूर करण्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ओलसर कुटार (भुसा) जाळून धूर केला की पीक वाचतं असं सगळे सांगतात. नुसत्या धुरानं फार होत नाही. जी काही मदत होते ती आगीच्या उबेनं, हवा हलल्यानं. म्हणून एक मोठा जाळ करण्यापेक्षा धुऱ्यानं ठिकठिकाणी छोटे ढीग दुपारीच मांडून ठेवा आणि मध्यरात्रीनंतर पेटवा. जवळ पाण्याचा डबा हवाच, कारण वाळलेल्या कुटाराची आग हां हां म्हणता पसरते. मिरची-वांग्याच्या रोपवाटिकेवर जुनी लुगडी टाकावी, पण बांबूच्या कमानीवर. कापड पानाला टेकलं तर तिथूनच रोप करपतं. सकाळी ऊन आलं की काढून घ्यायची. गव्हाची काळजी करू नका, त्याला थंडी मानवते.

गोठ्यात ढोरांना थंडीपेक्षा ओल जास्त मारते. मुताच्या ओल्या जमिनीवर बसलेलं वासरू सकाळी उठत नाही. सांजेला गोठा झाडून वीतभर कोरडं कुटार टाका, हात दाबून बघा, ओल लागली तर आणखी टाका. उत्तरेच्या अंगाला पोती शिवून पडदा लावा, पण वर हातभर जागा मोकळी ठेवा. सगळं बंद केलं की मुताची वाफ कोंडते आणि सकाळी ढोरं खोकतात. कडबा-कुटार सांजेला जास्त द्या, रवंथ करताना अंगात ऊब तयार होते. रात्री व्यायलेलं वासरू आधी पोत्यानं खसखसून कोरडं करायचं, कानांच्या मागेसुद्धा, आणि तासाभरात चीक पाजायचा. बकरीच्या करडांच्या तोंडात बोट घालून बघा. तोंड गार लागलं तर ते पोटाशी धरूनच घरात आणायचं.

आता माणसांचं. चार वर्षांपूर्वी सासूबाईंच्या खोलीत मीच घमेल्यात निखारे ठेवले आणि खिडकीला पोतं लावलं. पहाटे त्या डोकं धरून उठल्या, दोनदा ओकल्या. आम्ही पित्त समजलो. अंगणात आणून बसवल्यावर त्या सावरल्या, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की तो कोळशाचा गॅस होता. त्याला वास नसतो, धूर दिसत नाही आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. तेव्हापासून आमच्या घरात निखारा घेऊन कुणी झोपत नाही. शेगडीवर खोली तापवायची असेल तर दार उघडं ठेवून, जागं राहून तापवा आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर काढा. म्हाताऱ्या माणसांना कानटोपी, पायमोजे आणि गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून द्या. त्यांनी पहाटे उठल्यावर दोन मिनिटं खाटेवरच बसावं, मग उभं राहावं. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थंडीवर ढकलू नका. तान्ह्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून गोधडी घ्या, यापेक्षा चांगली ऊब नाही.

रात्री ओलिताला किंवा जागलीला जाणाऱ्यानं एकटं जाऊ नये. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत न्यावा, पाय भिजले की लगेच बदलावेत. दवानं स्टार्टरची पेटी ओली होते, तेव्हा कोरडा हात आणि रबरी चप्पल. दारूनं ऊब येते हा समज सोडा. कातडी गरम वाटते आणि आतली ऊब निघून जाते. सोबतीचा माणूस आधी कुडकुडत होता आणि आता कुडकुडणं थांबलं, जीभ जड झाली, पाय अडखळतोय, तर त्याला बरं वाटत नाहीये, तो बिघडतोय. ओले कपडे काढा, छाती-पोट-पाठ आधी गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या, हातपाय चोळू नका, आणि १०८ ला फोन करा.

सकाळी तूर करपलेली दिसली तर त्याच दिवशी उपटू नका, छाटूही नका. फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकांकडे अर्ज द्या आणि आठ-दहा दिवस थांबा. खालून डोळे फुटले तर झाड जिवंत आहे. कोवळ्या शेंगा आता भरणार नाहीत, पण ज्यात दाणा तयार झाला होता त्या शेंगा दोन दिवसांत तोडून सोलून बघा. दाणा हिरवा आणि कडक असेल तर सोले म्हणून बाजारात विकले जातात. आम्ही त्या वर्षी दीड एकरातून तेवढेच वाचवले होते.