जोडीने चालायला जाताय? या चुका टाळा

शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती संध्याकाळी हमखास दिसतं: नवरा ढांगा टाकत पुढे, त्याला गाठायला बायको पाय लांबवतेय. पंधरा दिवसांत तिची नडगी दुखते आणि खापर बुटांवर फुटतं.

वेग एकच असला तरी बायकांचं पाऊल सरासरीने आखूड असतं आणि मिनिटाला पावलं जास्त पडतात. त्यांनी ताणून ढांग टाकली की टाच शरीराच्या फार पुढे पडते. मग चवडा हळू खाली टेकवायचं काम नडगीच्या पुढच्या स्नायूला जास्त जोर लावून करावं लागतं. तीस सेकंदांत दोन्ही पायांची पावलं मोजा. पंचावन्न भरली तर तोच वेग ठेवून ५८ ते ६० करा. पाऊल आपोआप आखूड होईल.

दुसरी चूक रेल्वेच्या पुलावर कळते. चालताना बायकांची मांडी खुब्यातून आत जास्त वळते, त्यामुळे नितंबाच्या बाजूच्या स्नायूवर भार येतो. तो कमजोर असेल तर जिना उतरताना गुडघा आत झुकतो आणि वाटीभोवती दुखतं. नुसता पट्टा बांधून हे सुटत नाही. आरशासमोर १५ सेंटिमीटरच्या पायरीवरून सावकाश उतरून बघा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवा. राहत नसेल तर कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचला: १०-१२ वेळा, दोन-तीन फेऱ्या, दिवसाआड. पाय पुढे सरकू देऊ नका, किंचित मागेच ठेवा. पुढे आला की मांडीच्या पुढचे स्नायूच काम उरकतात आणि मेहनत फुकट जाते.

पुरुषांनी खूश होऊ नये. हे सगळं सरासरीचं; गुडघा आत झुकणारे पुरुषही भरपूर असतात.

जड पिशवी उजव्या हातात असेल तर जास्त राबतो डावा खुबा. म्हणून ज्या बाजूचा खुबा दुखतो, त्याच हातात पिशवी धरा. उलट वाटेल, पण आराम त्यानेच पडतो. दुखत काहीच नसेल तर दर दहा मिनिटांनी हात बदला.

दिवसभर उंच टाचा घालून संध्याकाळी एकदम सपाट बुटांत तासभर चाललात तर आखडलेली पोटरी टाचेमागच्या शिरेला ओढते. आधी भिंतीला हात टेकून पोटरी ३० सेकंद ताणा, तीनदा.

एकाच पोटरीला सूज, गरमपणा, लाली दिसली तर चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.