ताण आला की खाणं: मला काय उपयोगी पडलं

डेडलाइन जवळ आली की माझा हात आपोआप खाऊच्या ड्रॉवरकडे जायचा. डाएटचे तक्ते इथे कुचकामी, कारण प्रश्न भुकेचा नव्हताच. खरी भूक हळूहळू वाढते आणि साध्या जेवणानेही भागते. ताणाची भूक एकदम उसळते आणि तिला ठरावीक गोड किंवा कुरकुरीतच हवं असतं. ताण लांबला की शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक (हार्मोन) वाढतं, त्यातून ही ओढ येते. हे कळल्यावर स्वतःला आळशी म्हणणं थांबवलं.

सगळ्यात मोठा फरक पडला दुपारच्या जेवणाने. मीटिंगपायी ते बुडालं की संध्याकाळी ताबा सुटणारच! म्हणून कॅलेंडरवर जेवणाची वेळ अडवून ठेवली. (सहकारी कुरकुरले, मग सवयीचं झालं.) खाऊ टेबलापासून दूर नेला. खावंसं वाटलं की आधी दहा मिनिटं चालते; बऱ्याचदा लाट ओसरते. नाही ओसरली, तर ताटलीत वाढून, स्क्रीन बंद करून खाते. झोप मात्र पुरेशी हवी, अपुऱ्या झोपेने भूक वाढते.

खाणं आवरतच नसेल, लपूनछपून होत असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशकाला भेटा. तो बिंज ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्यावरचा ताबा वारंवार सुटण्याचा आजार, असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.